वजनकाट्यावरचे गुलाब

वजनकाट्यावर शेवटचं शून्य ठरलेलं असतं. ट्रक रिकामा असो की खडीनं काठोकाठ भरलेला, काटा दहा-दहा किलोंनीच पुढं सरकतो. त्यामुळं लाल दिव्यांच्या पाटीवर उमटणारा शेवटचा आकडा कधी बदलत नाही. बदलतो तो त्याच्या अलीकडचा. त्या अलीकडच्या आकड्यानंच काटेवाल्याच्या संसाराला भगदाड पाडलं होतं.

काटेवाला म्हणजे तिथं बसून ट्रकांची वजनं करणारा माणूस. शहर संपतं तिथं, दगडाच्या खाणीकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्याची केबिन. एक खिडकी, एक खुर्ची, वजनाची चिठ्ठी छापणारं यंत्र, आणि बाहेर ट्रक चढवायचा लांबलचक लोखंडी चौथरा. सकाळपासून रांग लागायची. रांगेत उभं राहून ड्रायव्हर कंटाळायचे, आणि कंटाळलेल्या माणसाला खेळ सुचायला वेळ लागत नाही. कोणी म्हणायचं, "ह्याचा सात येतो बघ." दुसरा म्हणायचा, "सात कुठला, तीन!" मग शेजारच्या टपरीवर चहाच्या ग्लासाखाली दोन नोटा सरकायच्या. ट्रक चौथऱ्यावर चढला की लाल आकडे थरथरत वर जायचे, जरा मागं यायचे, थांबायचे. कोणी मांडीवर थाप मारायचा, कोणी शिवी हासडायचा.

काटेवाला पहिल्यांदा नुसता हसायचा. मग चहावर खेळला. मग नोटेवर. ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे किती दबलेत ते बघून माल किती टन असेल हे सांगणं त्याला जमायचं, आणि तिथंच तो फसला. रोज काट्यापाशी बसणारा मी, मला नाही कळणार तर कोणाला, असं त्याच्या मनानं घेतलं. पण टन डोळ्याला दिसतात, तसा दहाचा आकडा दिसत नाही. हरला की तो म्हणायचा, उद्या भरून काढू. दुसऱ्या दिवशी भरून काढायला बसायचा आणि भोक आणखी मोठं करून उठायचा.

त्या काळात नवरा-बायकोनं तळमजल्यावरची एक जागा बघून ठेवली होती. दोन खोल्या आणि मागं हातभर अंगण. बायको दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी इस्त्री करायची. दिवसभर उभं राहून तिचे गुडघे कामातून गेले होते, आणि राहायला होते तिसऱ्या मजल्यावर. अनामत रक्कम तिनं पै-पै करून जमवलेली. काटेवाल्यानं ती भरून काढायच्या नादात उचलली, आणि एका दुपारी काट्यावर घालवली.

बायकोनं आरडाओरडा केला नाही. रडलीही नाही. तिनं फळीवरचे तीन रिकामे डबे खाली काढले, धुतले, पुसले आणि ओळीनं मांडले.

"हा भाड्याचा," ती म्हणाली. "हा पोटाचा. आणि हा तळमजल्याचा. पगार माझ्या हातात यायचा. आधी ह्या तिन्हींत पडेल, मग उरलं तर तुमचं-माझं. सकाळी बसभाडं देईन, चहा थर्मासात भरून देईन. आणि एक ऐका. माझ्या घरात पुन्हा पैज आली, तर मी सामान बांधून थोरल्या बहिणीकडं जाईन. धमकी नाही देत. सांगून ठेवते."

ती सांगून ठेवायची तेव्हा तसंच करायची, हे काटेवाल्याला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं.

त्यानं कानाला खडा लावला. खुर्ची फिरवून घेतली, म्हणजे लाल पाटीकडं पाठ आणि यंत्राकडं तोंड. आकडा बघायचा तो छापून आलेल्या चिठ्ठीवर, तोही ड्रायव्हरच्या हातात देण्यापुरता. फोन बायकोनं बदलून साधा घेतला, नुसता बोलायचा. टपरीवाल्याला सांगितलं, माझ्या नावावर चहाही द्यायचा नाही. टपरीवाला म्हणाला, "काटेवाले, तुम्ही साधू झालात की काय?" ड्रायव्हर चार दिवस हसले आणि पाचव्या दिवशी विसरले.

दिवस कसाही जायचा. खायला उठायची ती संध्याकाळ. घरी येऊन हातपाय धुतले की करायचं काय? हात नुसते शिवशिवायचे. पायऱ्या चढताना तो मनात म्हणायचा, दाराशी पोचताना डावा पाय आला तर आपलं भलं होणार. हीही पैजच, नुसती समोर माणूस नसलेली.

बायको म्हणाली, "काहीतरी छंद लावून घ्या. बिनपैशाचा."

शेजारच्या रंगाऱ्यानं तळ्यावर मासे धरायला नेलं. छान शांत जागा होती. गळ टाकून अर्धा तास झाला नाही तोच रंगारी म्हणाला, "बघू, आधी कोणाच्या गळाला लागतो. हरेल त्यानं सिगारेट पाजायची." काटेवाला गळ गुंडाळून घरी आला. मग बुद्धिबळ झालं. न्हावी चांगला खेळायचा, पण चहा लावल्याशिवाय त्याचा उंट हलायचा नाही. नुसतं फिरायला जायचं ठरवलं, तर पाय आपोआप पत्त्यांच्या अड्ड्याच्या गल्लीत वळले. काटेवाल्याला वाटायला लागलं की दुनियेत पैज सोडून दुसरं काही शिल्लकच नाही.

रोपांकडं तो वळला तो लपण्यासाठी. एका संध्याकाळी बसस्टॉपवर उभा असताना लांबून मेव्हणा येताना दिसला. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. स्वतःचा ट्रक चालवायचा, मनानं चांगला, हसतमुख, आणि नखशिखान्त पैजेचा. काटेवाला घाईघाईनं मागच्या फाटकातून आत शिरला. ती रोपवाटिका निघाली. एक म्हातारी बाई खाली बसून पिशव्यांत माती भरत होती. कमरेला झाडं छाटायची कात्री लटकत होती.

"काय पाहिजे?" तिनं मान वर न करता विचारलं.

"काही नाही. जरा उभा राहतो."

"उभं राहायला जागा नाही. बसून पिशव्या भर."

तो बसला. अंधार पडेपर्यंत त्यानं पिशव्या भरल्या. जाताना म्हातारीनं त्याच्या हातावर पैसे ठेवले नाहीत आणि आभारही मानले नाहीत. "उद्या ये," एवढंच म्हणाली. आणि तो गेला. सगळा परिसर तिला कात्रीमावशी म्हणायचा. तोही म्हणायला लागला.

पुढं तिनं त्याला डोळा भरायला शिकवलं. रानगुलाबाचं रोप घ्यायचं, त्याला खुंट म्हणतात. त्याच्या सालीला धारदार चाकूनं छेद द्यायचा. चांगल्या गुलाबाच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे जिथून फूट निघते तो बारीकसा उंचवटा, सालीसकट उचलायचा आणि त्या छेदात अलगद बसवायचा. वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची, डोळा झाकेल अशी. मग तीन आठवडे थांबायचं. पट्टी सोडल्यावर डोळा हिरवा असेल तर लागला. काळा पडला असेल तर गेला.

काटेवाल्याचा हात चांगला होता. चाकू सरळ चालायचा, पट्टी सुबक बसायची. मावशीनं दहा खुंट दिले. त्यानं दहाही बांधले आणि विचारलं, "मावशी, दहातले किती लागतील?"

"लागतील तेवढे."

दहाच्या दहा गेले.

मावशीनं एकेक पिशवी उचलून उजेडात धरली. पट्ट्या सैल होत्या, सुरकुतलेल्या. "किती वेळा सोडल्यास?"

काटेवाल्यानं हाताची माती झटकली. मग म्हणाला, "एक दिवसाआड. नुसतं बघायला. लगेच परत बांधायचो."

"बघून काय करणार होतास?"

"काही नाही. कळलं असतं."

"अरे, लागलंय की नाही ते झाडाला कळलंय. तुला कळून काय फरक पडणार होता? तू हवा आत घातलीस आणि मारलंस." तिनं दहाही पिशव्या पालथ्या केल्या. "आजवर पोरं शिकवली, कोणी आळशी, कोणी धांदरट. पण असं उघडून उघडून मारणारा पहिलाच. काय खोड आहे तुला?"

तेव्हा त्यानं तिला काट्याचं सांगितलं. आकड्याचं, अनामतीचं, डब्यांचं. म्हातारी ऐकत राहिली. सगळं ऐकून कात्री पुसत म्हणाली, "मग तुला ह्यासारखं औषध नाही. पण औषध घेताना बाटली सारखी हलवायची नाही."

दुसऱ्या खेपेला तिनं नऊ खुंट दिले आणि सांगितलं, इथं नको, घरी ने. रोज नजरेसमोर राहतील तिथं ठेव आणि सोडू नकोस. काटेवाल्यानं गच्चीच्या कठड्याखाली नऊ पिशव्या मांडल्या. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी. पट्टीकडं हात गेला की तो हात मागं बांधून उभा राहायचा. पहिला आठवडा जड गेला. दुसऱ्या आठवड्यात तो पाणी घालून झाल्यावर नुसता बसायला लागला. खाली रस्त्यावरून येणारी-जाणारी माणसं बघत. पायऱ्या चढताना डावा-उजवा पाय मोजायचा राहून गेला, आणि राहून गेला हेही त्याला दोन-तीन दिवसांनी ध्यानात आलं.

तिकडं तळमजल्याचा डबा हळूहळू भरत होता. बायकोनं नवी जागा हेरली होती. दोन गल्ल्या सोडून, एक खोली आणि स्वयंपाकघर, पण सपाट जमिनीवर. घरमालकानं महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. थोडी रक्कम कमी पडत होती.

त्याच सुमारास सुटीच्या दिवशी मेव्हणा बहिणीकडं आला. "ताई, चहा टाक," म्हणत थेट गच्चीवर गेला आणि तिथूनच ओरडला, "दाजी! हे काय दवाखाना उघडलाय? सगळ्यांना पट्ट्या!"

काटेवाल्यानं सांगितलं काय आहे ते. मेव्हण्यानं पिशव्यांवरून नजर फिरवली आणि त्याचे डोळे चमकले. ती चमक काटेवाल्याच्या ओळखीची होती.

"नऊ आहेत. म्हणजे काही लागणार, काही जाणार. आणि आत काय चाललंय ते कोणालाच दिसत नाही!" मेव्हणा खूश होऊन म्हणाला. "दाजी, ह्याला म्हणतात चीज. किती लागतील? मी म्हणतो चार."

"तू काहीही म्हणू नकोस," काटेवाला म्हणाला. "खाली चल, चहा निवतोय."

पण मेव्हण्याचं तोंड बंद राहणार थोडंच! दुसऱ्या दिवशी काटेवाला कामावर पोचला तेव्हा टपरीवर गर्दी होती. सहा ड्रायव्हर, मेव्हणा आणि खुद्द टपरीवाला असे आठ जण त्याच्या गुलाबांवर लागले होते. कोणी चार, कोणी सहा, एकानं तर "नऊच्या नऊ, आपल्या माणसाचा हात आहे," म्हणून मोठी नोट लावली होती. पैसे टपरीवाल्याकडं बिस्किटांच्या बरणीत.

"माझा काही संबंध नाही," काटेवाला म्हणाला.

"तुमचा कशाला संबंध?" टपरीवाला म्हणाला. "तुम्ही नुसती पट्टी सोडायची, आमच्यासमोर. आम्ही बघणार, जिंकणारा नेणार. तुम्ही आपले पंच."

"घरी काटे, कामावर काटा," एक ड्रायव्हर म्हणाला. "देवमाणूस आहे."

सगळे हसले. काटेवाला केबिनमध्ये जाऊन बसला, पण त्या दिवशी त्याची खुर्ची दोनदा आपसूक लाल पाटीकडं फिरली.

बरणी भरत गेली. लावलेल्यांनी पुन्हा लावलं, आकडे बदलले, भांडले. आठवड्याभरात इतकी रक्कम जमली की टपरीवाला बरणी घरी न्यायला लागला. आणि मग एका दुपारी मेव्हणा केबिनमध्ये आला, दार ओढून घेतलं आणि हळू आवाजात बोलायला लागला.

"दाजी, ताईनं सांगितलं, अनामतीला थोडे कमी पडतायत. बरणीत त्याच्या दुप्पट आहेत. तुम्ही काही खेळायचं नाही. नुसतं आज-उद्या गच्चीवर जायचं, पट्ट्या सोडून बघायचं किती लागलेत, आणि परत बांधून टाकायच्या. मला आकडा सांगा, मी लावतो. मिळेल त्यातलं निम्मं तळमजल्याच्या डब्यात."

"ही फसवणूक झाली."

"कोणाची? त्या सहा जणांची? तुमचे किती खाल्लेत त्यांनी, विसरलात? आणि दाजी, ह्याला पैज म्हणत नाहीत. पैज म्हणजे नशिबावर. हे तर खात्रीचं. ताईला पायऱ्या चढताना बघितलंय तुम्ही?"

बघितलं होतं. रोज बघायचा. प्रत्येक वळणावर ती पिशवी खाली ठेवायची, कठडा धरायची, कोणी वर-खाली जात असलं तर पदर सावरायला थांबल्याचं दाखवायची, आणि मग पुन्हा चढायची.

त्या संध्याकाळी काटेवाला पाण्याची बादली घेऊन गच्चीवर गेला, ती बादली तशीच भरलेली ठेवून उकिडवा बसला. पहिली पिशवी पुढं ओढली. पट्टीचं टोक नखानं उचललं. मनात म्हणाला, नऊ वेळा सोडायचं, नऊ वेळा बांधायचं. मेलं एखादं तर मेलं, आकडा तर कळेल. तिचे गुडघे सुटतील. मी एक पैसा लावत नाहीये.

पट्टीचा एक वेढा सुटला. आणि त्याच्या लक्षात आलं की आपलं तोंड कोरडं पडलंय. कानशिलं गरम झालीयत. पोटात तोच खड्डा, जो लाल आकडे थांबायच्या आधी पडायचा. लाल पाटी इथं नव्हती, ड्रायव्हर नव्हते, तरी सगळं तसंच्या तसं. इतक्या महिन्यांत हे कुठं गेलं होतं? कुठंही नव्हतं गेलं. एका वेढ्याच्या पलीकडं बसून होतं.

जिन्याचं दार वाजलं. बायको वाळत घातलेले कपडे काढायला आली होती. ती सहसा गच्चीवर यायची नाही, हे काम त्याचंच होतं.

"कपडे राहिलेत, म्हटलं तुम्ही विसरलात," ती धापा टाकत म्हणाली. मग तिनं त्याचा हात बघितला. "काय करताय?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण जमलं नाही. त्यानं सगळं सांगितलं. बरणी, मेव्हणा, निम्मं, गुडघे.

ती बादलीतलं पाणी गच्चीच्या मोरीत ओतून, बादली पालथी घालून तिच्यावर बसली.  मग म्हणाली, "खात्रीचं आहे म्हणतो?"

"हो."

"तेव्हाही खात्रीचंच होतं. तुम्हीच म्हणाला होतात, ट्रक माझ्या ओळखीचा आहे."

काटेवाल्यानं पट्टीवरचा हात काढून घेतला.

"आणि माझे गुडघे मध्ये आणू नका. गुडघे माझे आहेत, त्यांचं मी बघेन. तुम्हाला बघायची खुमखुमी आलीय, तर तसं म्हणा." ती उठली, कपडे खांद्यावर टाकले. "मी काही सांगणार नाही. सांगायचं ते डबे मांडले तेव्हा सांगून झालंय."

ती गेली. जिन्यावर तिचं पाऊल पडायचं, थांबायचं, पडायचं. ते ऐकू यायचं बंद होईपर्यंत काटेवाला तसाच बसला. मग त्यानं तो सुटलेला वेढा परत घट्ट गुंडाळला. आत बघितलं नाही. बघितलं नाही म्हणून फार मोठं काही केलं असंही त्याला वाटलं नाही. पण आता हे नऊ जण गच्चीवर आहेत आणि तिकडं बरणी आहे तोवर आपण रोज इथं उकिडवे बसणार, हे मात्र त्याला स्वच्छ कळलं.

सकाळी त्यानं मेव्हण्याला फोन करून ट्रक घेऊन घराशी बोलावलं. मेव्हणा गाणं गुणगुणतच आला. "बघितलंत? किती?"

"सगळं सांगतो. ही टोपली धर."

टोपलीत आठ पिशव्या होत्या. मेव्हण्याला वाटलं दाजी पट्ट्या काट्यावरच सोडणार. वाटेत त्यानं तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा दाजींनी खिडकीबाहेर बघितलं.

काट्यावर रांग लागली होती. काटेवाल्यानं टोपली उचलून सरळ लोखंडी चौथऱ्यावर ठेवली आणि बाजूला झाला. सगळ्यांनी सवयीनं लाल पाटीकडं बघितलं. पाटीवर शून्य. आठही रोपं मिळून चार किलो नसतील. एवढं वजन त्या काट्याच्या खिजगणतीतही नव्हतं.

"हा काय आकडा?" एक ड्रायव्हर म्हणाला.

"हाच," काटेवाला म्हणाला. मग त्यानं एकेक पिशवी उचलून एकेकाच्या हातात दिली. ज्यानं नऊच्या नऊ म्हटलं होतं त्याला पहिली, मग बाकीच्यांना, मग टपरीवाल्याला, शेवटची मेव्हण्याला. "हे तुझं. घरी ने. उन्हात ठेवायचं नाही, पाणी बेताचं. पट्टी अजून चार दिवस सोडायची नाही."

"आणि पैज?" टपरीवाला म्हणाला.

"गुलाब आता तुमचे. ते आठ घरांत जाऊन पडतील, कोण मोजायला बसणार? बरणी उघड आणि ज्याचे त्याचे देऊन टाक."

"असं कसं! तोंडाला पानं पुसलीत आमच्या!" ड्रायव्हर कलकलाट करायला लागले. एक म्हणाला, काटेवाल्यानं शेण खाल्लं. एक म्हणाला, प्रत्येकानं आपापलं उघडून आत्ता दाखवा. "उघडलंस तर मरेल," काटेवाला म्हणाला, "मी दहा मारलेत." तो ज्या साधेपणानं हे म्हणाला, त्यानं तो ड्रायव्हर पिशवी छातीशी धरून गप्प झाला. मागचे ट्रक भोंगे वाजवायला लागले. टपरीवाला कुरकुरत बरणी पालथी घालायला बसला, आणि कोणाचे किती ह्यावरून त्यांची जी जुंपली ती दुपारपर्यंत चालली.

मेव्हणा केबिनच्या दारात उभा होता, एका हातात पिशवी, तोंडात मारल्यासारखा.

"दाजी, हातातोंडाशी आलेलं घालवलंत. ताईला काय सांगणार?"

"तिला माहीत आहे. तिनंच टोपली दिली."

अनामत महिनाअखेरपर्यंत जमली नाही. ती जागा दुसऱ्या कोणी घेतली. बायकोनं डब्याचं झाकण लावलं आणि तो फळीवर ठेवून दिला. "दुसरी मिळेल," ती म्हणाली. गुडघ्यांना चोळायचं तेल तिनं पोटाच्या डब्यातून आणलं. संध्याकाळचा चहा दोघं आता वर घरात न घेता जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून घ्यायला लागली. ती कामावरून आली की तिथंच जरा टेकायची, तो वरून थर्मास घेऊन उतरायचा, आणि मग तिची पिशवी घेऊन दोघं सावकाश वर चढायची. एवढं आधी कधी सुचलं नव्हतं.

नववं रोप त्यानं घरी ठेवलं होतं. तेच, ज्याचा एक वेढा सुटला होता. दिवस भरल्यावर त्यानं ते पहिल्या पायरीवर आणलं.

"तू सोड," तो बायकोला म्हणाला.

तिनं इस्त्रीनं भाजलेल्या बोटांनी पट्टी उलगडली. डोळा काळा पडला होता. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. तो पोटात खड्डा पडायची वाट बघत होता. पडला नाही. जरा वाईट वाटलं, हातून कप फुटल्यावर वाटतं तेवढं.

"गेला," तो म्हणाला.

"मग? परत बांधणार?"

"आता नाही. पुढच्या मोसमात. मावशी म्हणते, खुंटाला विश्रांती द्यायची." त्यानं थर्मासातला चहा दोन कपांत ओतला.

कप तोंडाला लावतो न लावतो तोच रस्त्यावर ट्रकचा भोंगा वाजला. मेव्हणा खिडकीतून अर्धा बाहेर आला होता.

"दाजी! माझं लागलं! हिरवंगार! फूटसुद्धा आलीय, एवढीशी!" त्यानं करंगळीचं टोक दाखवलं. "आता काय करायचं? मी तर सारखा जाऊन बघतोय. सकाळी उठलो की बघतो, जेवलो की बघतो. काल अड्ड्यावर जायचं राहिलं."

"मग आता बघ हवं तेवढं," काटेवाला म्हणाला. "उघडं आहे ते. मरत नाही."

"आणि बाकीच्यांचे किती लागले असतील हो? मी म्हणतो पाच—"

"ए," पायरीवरून ताई म्हणाली, "चहा हवाय का तुला, की जातोस?"